हासळी, रोबोट आणि मार्गशीर्षातलं लग्न

पत्र :

आदरणीय डॉक्टरबाई,
आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मी बँकेतून निवृत्त झालोय. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून परत येताना मुलीची ॲक्टिवा ओल्या रस्त्यावर घसरली आणि डाव्या बाजूचं कॉलर बोन मोडलं. मुलगी २७ वर्षांची, उजव्या हाताची, कॉम्प्युटरवर नोकरी करते. रिपोर्टात लिहिलंय : मधल्या भागात फ्रॅक्चर, एक लहान तुकडा सुटा, १४ मिलिमीटर आखूड. आमचे जुने डॉक्टर म्हणतात, हात गळ्यात बांधा, जुळेल. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर म्हणाले, रोबोटनं करू, बारीक छिद्रातून, व्रण दिसणारसुद्धा नाही. खर्च साध्या ऑपरेशनच्या जवळजवळ तिप्पट. पुण्याचे मेहुणे म्हणतात, डोळे मिटून रोबोट करा. आई म्हणते, पितृपक्षात शस्त्र लावायचं नाही. एक नातेवाईक मालिश करून हाड बसवणाऱ्या पहलवानाचा पत्ता घेऊन आले. लग्न मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात आहे, मुलाकडचे बडोद्याचे. त्यांना अजून कळवलेलं नाही. व्रण राहिला नाही तर कळवायची गरजच पडणार नाही, असं सौ.चं म्हणणं. काय करावं?
– काळजीत पडलेला एक बाप

उत्तर :

नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा अपघाताला नऊ दिवस झाले होते, आज अकरावा. एरवी मी पत्रं रांगेनं घेते. हे रांग मोडून घेतलं, कारण या हाडाच्या बाबतीत दिवस मोजावे लागतात. पण घाबरून पळापळ करावी असंही काही नाही. साधारण दोन-तीन आठवडे तुकडे मोकळे असतात आणि ऑपरेशन करायचंच ठरलं तर तेवढ्यात ते सोपं जातं. पुढे तुकड्यांभोवती नवं हाड धरायला लागतं आणि सर्जनला आधी ते सोडवत बसावं लागतं. म्हणजे आईंचा मान राखता येईल : सर्वपित्रीला सोळावा दिवस, घटस्थापनेला सतरावा. मात्र तेव्हा कोणी "आता दसरा होऊन जाऊ दे" म्हणालं तर ऐकू नका. दसऱ्याला सव्विसावा दिवस लागतो.

पहलवानाचा पत्ता तेवढा फाडून टाका. मालिशवाल्यांवर माझा सरसकट राग नाही, लचकलेल्या पाठीला त्यांच्या हातानं बरं वाटतं हे मी पाहिलंय. पण हासळीच्या, म्हणजे तुमच्या कॉलर बोनच्या, मधल्या भागाच्या बरोबर मागून हाताला रक्त नेणारी मोठी वाहिनी आणि नसांचा जुडगा जातो आणि त्यांच्या शेजारीच फुप्फुसाचं वरचं टोक असतं. मोडलेलं टोक अणकुचीदार असतं. त्यावर तेल लावून दाबायचं म्हणजे खेळ नाही. इंग्लंडचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील १८५० साली लंडनमध्ये घोड्यावरून पडले, हासळी मोडली आणि तीन दिवसांत गेले. तुकड्यानं आतली रक्तवाहिनी फाटली असावी असं मानतात. असं क्वचितच होतं आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत व्हायचं असतं तर एव्हाना कळलं असतं. तरी पुढचे काही दिवस बघत राहा : बोटं गार किंवा निळसर पडली, हाताला मुंग्या आल्या किंवा जोर गेला, धाप लागली, किंवा हाडाच्या टोकावरची कातडी ताणून पांढरी पडली, तर सदराला पत्र न लिहिता सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आता हे हाड म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण तुमचे जुने डॉक्टर आणि मोठं हॉस्पिटल दोघंही खरं कसं बोलू शकतात ते त्यावरूनच कळेल.

जुन्या बायका गळ्यात चांदीची जाड हासळी घालत, ती जिथे टेकते ते हे हाड. पुरतं वीतभरही नाही, दोन ठिकाणी वाकलेलं, कातडीच्या लगेच खाली. गर्भात सगळ्यांत आधी हाड बनायला सुरुवात होते ती याची, आणि याचं आतलं टोक पूर्ण पक्कं व्हायला पंचविशी उजाडते. काम एकच : खांदा छातीपासून लांब धरून ठेवायचा. मांडवाचा आडवा बांबू मोडला की कापड आत येतं, तसं हासळी मोडली की खांदा आत आणि खाली येतो. मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली नेतं, छातीचा स्नायू त्याला आत खेचतो. तुकडे एकमेकांवर चढतात. रिपोर्टातले '१४ मिलिमीटर आखूड' ते हेच.

माझी स्वतःची हासळी सोळाव्या वर्षी मोडली. आजोळच्या वाड्यामागे जामाचं झाड होतं (बाहेरगावच्या वाचकांसाठी : आम्ही इंदूरवाले पेरूला जाम म्हणतो, त्यावरून मुंबईच्या नातेवाइकांशी बरेच वाद झालेत). झाडावर चढायचं ते वय नव्हतं आणि साडीत तर मुळीच नाही. डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा कापसाचा पट्टा आवळला. तो इतका घट्ट होता की रात्री बोटांना मुंग्या येत आणि आजी चोरून एक वेढा सैल करून देई. आता वाटतं, माझ्यावर योग्य उपचार आजीनेच केले. डेन्मार्कमध्ये १९८७ साली हा आठचा पट्टा आणि साधी गळ्यातली झोळी यांची तुलना केली, तेव्हा हाड दोन्हीत सारखंच जुळलं आणि झोळीवाल्यांना त्रास कमी झाला. तेव्हा मुलीला कोणी आठचा पट्टा आवळून बसवलं असेल तर डॉक्टरांना विचारून साधी झोळी घ्या. माझं हाड जुळलं, थोडं वाकडं. आजही बोट फिरवलं की सुपारीएवढी गाठ हाताला लागते. ती गाठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ऑपरेशन हवं की नको? रोबोटचा प्रश्न याच्या नंतरचा. तुमच्या घरात मात्र तो आधी शिरला, असं पत्र वाचताना वाटलं.

माझ्या विद्यार्थिदशेत उत्तर सोपं होतं : हासळी आपोआप जुळते, हात लावू नका. अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी १९६० साली दोन हजारांवर हासळ्यांचा हिशेब मांडला होता, त्यात न जुळलेल्या फक्त तीन निघाल्या. आम्ही तो आकडा घोकून परीक्षा दिल्या. पण त्या हजारोंत लहान मुलं होती, नुसती चीर गेलेली हाडं होती. ज्यांचे तुकडे पुरते सरकलेत अशा मोठ्या माणसांचा हिशेब वेगळा केला तेव्हा चित्र बदललं. कॅनडातल्या सर्जनांनी २००७ साली १३२ रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांचे तुकडे पूर्ण सरकलेले. काहींना हाडावर स्क्रूंनी धातूची पट्टी म्हणजे प्लेट बसवली, काहींना झोळी दिली. शेवटपर्यंत तपासता आले त्यांत प्लेटवाल्या ६२ पैकी दोघांचं हाड जुळलं नाही, झोळीवाल्या ४९ पैकी सात जणांचं. जुळायला लागलेला वेळ प्लेटला सरासरी १६ आठवडे, झोळीला २८.

या आकड्यांवरून दोन्ही बाजूंनी भांडता येतं आणि आमच्या परिषदांमध्ये लोक भांडतातही. एक म्हणतो, बघा, सात जणांची हाडं राहिली. दुसरा म्हणतो, बघा, ४२ जणांची सुरी न लावता जुळली, आणि प्लेटवाल्यांना प्लेट टोचली, कुणाची जखम चिघळली, ते कुठे धरता? पुढे २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सर्जनांनी २०० रुग्णांवर हेच पाहिलं. त्यांच्या मते ऑपरेशनचा फायदा दिसतो तो मुख्यतः हाड न जुळण्याचा धोका टळल्यामुळे. ज्यांचं आपोआप जुळलं, त्यांच्या खांद्यात आणि प्लेटवाल्यांच्या खांद्यात फारसा फरक राहत नाही. मला हे पटतं, कारण ओपीडीत आयुष्यभर तेच पाहिलंय.

कधी ऑपरेशन टाळूच नये, यावर मात्र दुमत नाही : हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल किंवा येण्याच्या बेतात असेल, रक्तवाहिनीला किंवा नसेला इजा असेल, खांद्याचं मागचं हाडही सोबत मोडून सगळा खांदाच लोंबकळत असेल. तुकडे एकमेकांना अजिबात शिवत नसतील, दोन सेंटीमीटरच्या वर आखूडले असतील किंवा मध्ये चुरा असेल, तर बहुतेक सर्जन ऑपरेशनकडे झुकतात. तुमचे १४ मिलिमीटर मधल्या पट्ट्यातले आहेत. म्हणून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. त्यात कोणी फसवतंय असं लगेच समजू नका.

पण ते १४ मिलिमीटर मोजले कसे, हे विचारा. अपघाताच्या रात्री एक्स-रे बहुधा झोपवून काढतात. झोपलं की हाताचं वजन खांद्यावरून जातं आणि तुकडे बरे दिसतात. उभं राहिल्यावर तेच १४ चे १८ किंवा २२ होऊ शकतात. शिवाय ट्यूब थोडी तिरकी धरली तरी माप बदलतं आणि मुळात तुमच्या मुलीची हासळी किती लांब होती हे कुणी कुठे लिहून ठेवलंय? तेव्हा आजच्या आज एक साधा एक्स-रे करा : मुलगी उभी, दोन्ही हासळ्या एकाच फिल्मवर. मोडलेली मोजायची ती दुसरीशी ताडून. या फिल्मला फारसे पैसे लागत नाहीत आणि तुमच्या निर्णयाला खरा आधार हिचाच, मेहुण्यांच्या फोनचा नव्हे.

बरं, धरून चालू की उभ्या फिल्ममध्ये माप वाढलं आणि ऑपरेशन करायचं ठरलं. मग रोबोट?

हाडांच्या ऑपरेशनमधला रोबोट मी जवळून पाहिलाय, गुडघ्याच्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हौसेनं बोलावलं होतं. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक जाडजूड हात, रुग्णाच्या मांडीवर खिळ्यांनी बसवलेली चमकत्या गोळ्यांची छोटी चौकट, आणि खोलीच्या कोपऱ्यात उंच दांडीवर कॅमेरा. कॅमेरा त्या गोळ्यांकडे बघून हाड कुठे आहे ते मशीनला सांगत राहतो. मध्येच सगळं थांबलं. स्क्रीनवर लाल खूण. सगळे मशीनकडे बघायला लागले. निघालं काय, तर मदतनीस मुलाचं डोकं कॅमेऱ्याच्या आड आलं होतं. तो वाकला आणि रोबोट पुन्हा कामाला लागला. मला त्या मशीनबद्दल आदरच वाटला : दिसत नसेल तर थांबतं. काही सर्जनही इतके शहाणे नसतात.

हे तंत्र काल-परवाचं नाही. मेंदूतला तुकडा तपासायला काढण्यासाठी १९८५ साली कारखान्यातला यांत्रिक हात वापरला गेला. खुब्याचा सांधा बदलताना हाड कोरायला अमेरिकेत १९९२ मध्ये रोबोट आला. आज गुडघ्यासाठी, मणक्यासाठी तो बराच रुळलाय, आपल्याकडेही. मोडलेल्या हाडांसाठी चीननं यात जोर लावला. बीजिंगच्या जिशुइतान रुग्णालयाच्या सहभागातून तिथे हाडांसाठी खास रोबोट तयार झाला, आणि हासळीसाठी असा रोबोट वापरणारे सर्जनही मुख्यतः तिकडचेच.

हासळीत तो नेमकं काय करतो ते सांगते. तुकडे जुळवून धरले की रुग्णाभोवती फिरणाऱ्या सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीननं हाडाचं चारही बाजूंनी चित्र घेतात. ते स्क्रीनवर येतं. सर्जन त्या चित्रावर रेघ आखतो : इथून शिरायचं, हाडाच्या पोकळीतून असं जायचं, इथे थांबायचं. मग यांत्रिक हात सरकत येतो आणि पेनाच्या टोपणाएवढी एक नळी बरोबर त्या रेघेवर, त्याच कोनात धरून उभा राहतो. त्या नळीतून सर्जन स्वतःच्या हातानं ड्रिल करून बारीक तार घालतो आणि तारेवरून पोकळ स्क्रू. हासळीची आतली पोकळी अरुंद आणि वळणाची असते. बाहेरून अंदाजानं तार घालताना ती पुन्हापुन्हा हाडाच्या भिंतीला धडकते, दर वेळी एक्स-रे घ्यावा लागतो, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते पीलसाहेबांच्या गोष्टीत आलंच. तेव्हा रस्ता अचूक दाखवणारा हात उपयोगाचा आहे, यात शंका नाही.

आता मी काय लिहिलं ते पुन्हा बघा : "तुकडे जुळवून धरले की". ते रोबोट करत नाही. चढलेले तुकडे ओढून समोरासमोर आणणं, फिरलेला असेल तो सरळ करणं, हलू न देता धरणं हे सगळं सर्जनच्या बोटांचं काम. चित्र घेतल्यावर तुकडा दोन मिलिमीटर सरकला तर रोबोट जुन्या चित्राप्रमाणे अगदी अचूकपणे चुकीच्या जागी नेईल. गुडघा टेबलावर गप्प पडून असतो. हासळी श्वासाबरोबर हलते. आणि बंद कातडीतून तुकडे जुळलेच नाहीत, जे मधला तुकडा सुटा असताना घडू शकतं, तर मोडल्या जागी छोटा काप घ्यावाच लागतो, रोबोट असो नसो. शिवाय पोकळीतला स्क्रू किंवा सळई आतून आधार देते, पण मध्ये चुरा असेल तर हाड तिच्यावर सरकून पुन्हा आखूड होऊ शकतं. तिथे प्लेटच लागते. तुमच्या मुलीचा सुटा तुकडा किती मोठा, यावर हे ठरेल.

आणखी एक गोष्ट हॉस्पिटलनं बहुधा सांगितली नसेल. 'बारीक छिद्रातून' ही रोबोटची देणगी नाही. टायटॅनियमची दोन-तीन मिलिमीटर जाडीची लवचीक सळई एखाद-दीड सेंटीमीटरच्या कापातून हासळीत सरकवणं कित्येक वर्षं साध्या सी-आर्मखाली चाललंय. इंदुरातही हात बसलेले सर्जन ते करतात. तिचेही त्रास आहेत : आतल्या टोकाशी सळई टोचते, कधी मागे सरकते, आणि हाड जुळल्यावर बहुधा काढावी लागते. प्लेटसुद्धा छोट्या दोन कापांतून आत सरकवून बसवता येते. तेव्हा छोटा काप हवा असेल तर त्याचे रस्ते आणखी आहेत आणि तिप्पट पैसे प्रत्येक रस्त्याला लागत नाहीत.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते : उभ्या फिल्ममध्ये दोन सेंटीमीटरच्या आत असेल आणि तुकडे एकमेकांना शिवत असतील, तर माझ्या लेकीला मी झोळी देईन आणि दर आठवड्याला फिल्म बघेन. (दोन आठवडे. त्यानंतर एकदम सहाव्या आठवड्यात.) माप वाढलं तर ज्याने हासळ्या भरपूर केल्यात त्याच्याकडे जाईन, त्याच्या हातात रोबोट असला तर आनंद, नसला तर मी शोधत फिरणार नाही.

मोठ्या हॉस्पिटलात परत जाल तेव्हा मशीनचं कौतुक ऐकून झाल्यावर सर्जनना सरळ विचारा, या मशीननं तुम्ही हासळ्या किती केल्या? गुडघे किती केले ते नको. आत काय बसवणार, स्क्रू, सळई की प्लेट? तुकडे बंद कातडीतून जुळले नाहीत तर काप वाढवणार का, आणि ते संमतीपत्रात लिहिलंय का? बसवलेलं काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल का, त्याचा खर्च आजच्या पॅकेजमध्ये आहे की वेगळा? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. उलट खुर्ची पुढे ओढून बसतो.

पैशांचं तुम्ही बँकेतले, तुम्हाला मी काय सांगणार. तरी एक जागा दाखवते. विमा नियामकानं २०१९ साली बारा आधुनिक उपचारांची यादी काढली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे. कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाही, पण तिच्यावर वेगळी मर्यादा घालता येते आणि बऱ्याच पॉलिस्यांत ती असते. मुलीच्या ऑफिसची पॉलिसी असेल तर 'आधुनिक उपचार' हा परिच्छेद काढून वाचा. विम्याची रक्कम पाच लाख दिसते, आणि रोबोटच्या ओळीत निराळाच आकडा निघतो. कॅशलेसची मंजुरी लेखी, आकड्यासकट, ॲडमिट व्हायच्या आधी घ्या. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर हुज्जत घालणारे बाप मी खूप पाहिलेत.

आता व्रण. प्लेटसाठी हासळीच्या कडेनं काही सेंटीमीटरचा काप येतो. तिथून बारीक नसा खाली छातीकडे जातात, त्या दुखावल्या तर कापाखाली तळहाताएवढा भाग बधिर राहतो, काहींचा कायमचा. कृश मुलींना प्लेट कातडीखाली हाताला लागते, आतल्या कपड्याचा पट्टा आणि लॅपटॉपची बॅग नेमकी तिच्यावर घासते. रोबोटच्या वाटेनं काप छोटे, पण खुणेची चौकट बसवायला खिळा रोवावा लागतो, त्याचंही एखादं टोचल्यासारखं निशाण उरू शकतं. आणि ऑपरेशन केलंच नाही तर? मग माझ्यासारखी गाठ. खुल्या गळ्याच्या ब्लाउजमध्ये व्रण दिसतो तशी गाठही दिसते. मोडलेली हासळी काहीच मागे न ठेवता बरी होईल असा रस्ता मला तरी माहीत नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत ती गाठ ठळक आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला विचारलं, मी जामाचं झाड सांगितलं, त्या इतक्या हसल्या की पदराला डोळे पुसले.

तुमच्या सौ.ना रागावून म्हणत नाही. लग्न ठरलेल्या मुलीला काही झालं की आईच्या पोटात काय होतं ते मला कळतं. पण रोबोट निवडायचं कारण 'बडोद्याला कळू नये' हे असेल, तर ते वैद्यकीय कारण नाही आणि त्यासाठी तिप्पट पैसे देऊ नका. शिवाय एक विचारते. सत्तावीस वर्षांची मुलगी, अकरा दिवस हात गळ्यात, आणि होणाऱ्या नवऱ्याशी फोन तर रोज होत असणार. त्याला माहीत नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला? आधी लेकीला विचारा. मला वाटतं घरात फक्त तुम्ही दोघंच गुपित सांभाळून बसलायत. मग व्याह्यांना तुम्ही स्वतः फोन करा, मध्यस्थाकडून निरोप नको. दोन वाक्यं पुरतील : गाडीवरून पडली, हाड जुळतंय, लग्नाची तारीख तीच.

तारीख तीच राहायला हरकत दिसत नाही. मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अपघाताला साधारण अकरा आठवडे होतील. झोळीचा रस्ता घेतला तर दोन-तीन आठवडे हात गळ्यात, तेव्हाही कोपर, मनगट, बोटं दिवसातून चार-सहा वेळा हलवायची. मग वाकून हात लोलकासारखा झुलवायचा. साधारण सहाव्या आठवड्यात फिल्म बघून हात खांद्याच्या वर न्यायला सुरुवात. माळ घालण्याएवढा हात अकराव्या आठवड्यात बहुतेकींचा वर जातो. ऑपरेशन केलं तर पहिले काही आठवडे दुखणं कमी, हात लवकर मोकळा, एवढा फायदा खरा. मात्र दोन्ही वाटांनी त्या वेळी हाड आतून पुरतं पक्कं झालेलं नसेल. म्हणून मंडपात कोणी मित्रांनी नवरीला उचलून धरायचा तमाशा करायचा नाही, हे बडोद्याच्या पोरांना आधीच सांगून ठेवा. ॲक्टिवाला लग्नापर्यंत हात लावायचा नाही. मेंदी काढायला हरकत नाही, हाताखाली उशी ठेवा. झोपताना पाठीला दोन-तीन उशा, आरामखुर्चीसारखं, सपाट झोपली की रात्री कण्हत उठेल. तंबाखू-सिगरेट हाड जुळण्याची वाट लावते. मुलगी ओढत नसेलच, तरी तुम्ही विचारू नका, डॉक्टरांना तिला एकटीला विचारू द्या.

ब्लाउजचं माप मात्र आत्ताच देऊ नका, सहाव्या आठवड्यानंतर द्या. सूज उतरलेली असते आणि डावा खांदा उजव्याहून किंचित खाली किंवा आत आला असेल तर शिंप्याला तसं कापता येतं.

उभी फिल्म निघाली की तिचा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायचा असेल, तर ट्यूबलाइटखाली धरून काढू नका, बोटांची सावली येते. सकाळी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावा, खोलीतला दिवा बंद करा, आणि दोन्ही खांदे चौकटीत येतील इतकं मागे सरा.